डोकं कुठल्या बाजूला

हे सांगायला मी याआधी दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा बायकोसमोर, चहा पिता पिता — आणि ऐन वेळी म्हणालो, गॅस संपत आलाय वाटतं. दुसऱ्यांदा एका जुन्या मित्रासमोर — तिथं विषय कसा कोण जाणे, त्याच्या जावयावर गेला. तेव्हा आज जे लिहितोय ते अजून कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. बरंय ते.

कुठून सुरुवात करू? माझ्यापासूनच करतो. मूळचे आम्ही दुधनीचे, पण मी शिकायला सोलापुरात आलो आणि इथंच चिकटलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करतो. आलेलं सूत, जाणारा माल, सगळं माझ्या हाताखालून जातं. गठ्ठा फोडून आत हात घातल्याशिवाय मी सही करत नाही. त्यावरून मालक सोडून सगळे मला शिव्या घालतात. घालू देत. मी असाच आहे — म्हणजे असाच आहे असं मलाही वाटायचं.

अण्णा माझा थोरला भाऊ. मस्कतला पाण्याचा टँकर चालवायचा. घरात बी.कॉम. झालेला मी एकटा, म्हणून तो मला 'साहेब' म्हणायचा. चेष्टेनंच, पण चारचौघांत बोलताना त्यात जरा तोराही असायचा. 'आमच्या साहेबाला विचारा की!' — हे त्याचं कशावरही उत्तर. लहानपणी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत त्यानं मला खांद्यावर बसवून सगळे पाळणे दाखवले होते. मी वरून त्याच्या डोक्यावर उसाचा रस सांडला, तर नुसता ओरडला, पण खाली काही उतरवलं नाही. लई चांगला माणूस. दुसरं काय सांगू?

तो तिकडं झोपेत गेला. सकाळी उठलाच नाही. त्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा मला फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. फोन ठेवला आणि — खरं तेच सांगतो — समोरचा अर्धा राहिलेला गठ्ठा तपासून पुरा केला. मग खाली बसलो. असं का केलं असेन? मला आजही कळत नाही. पण त्या दिवसापासून जे जे केलं त्यातलं निम्मं मला कळत नाही.

अण्णाला गावी आणायचं, यात कुणाचं दुमत नव्हतं. तिकडचे कागद, इकडचे कागद, फोनावर फोन — यात बरेच दिवस गेले. सगळं मी केलं. घरात बाकी कुणाला त्यातलं कळणार होतं? अव्वा — आमची आई — रोज विचारायची, कुठवर आलं? आणि अण्णाची बायको, महादेवी वैनी, काहीच विचारायची नाही. नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

इथं आमच्यातली रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात — आणि बसवून पुरतात. आंघोळ घालायची, विभूती लावायची, मांडी घालून सजवलेल्या खुर्चीत बसवायचं आणि तसंच, तोंड उघडं ठेवून, भजन म्हणत न्यायचं. वाटेतला जो तो शेवटचं तोंड बघून हात जोडतो. खड्डाही बसत्या माणसाच्या मापाचा असतो — चौकोनी, खोल, आतल्या अंगाला एक कोनाडा. त्या कोनाड्यात त्याला बसवतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि बेलाची पानं, मीठ, विभूती घालून माती लोटतात. आडवं कुणाला ठेवत नाहीत. अव्वाला तर तो विचारसुद्धा सहन झाला नसता.

विमान हैदराबादला उतरणार होतं. ॲम्ब्युलन्स घेऊन मी एकटाच गेलो. चुलतभाऊ येतो म्हणत होता, पण त्याला गाडी लागते, हुमनाबादच्या पुढं जात नाही, म्हणून मीच नको म्हटलं. तो बरोबर असता तर? — जाऊ दे. 'तर'चं काय घेऊन बसायचं.

मालाच्या गोदामातून पेटी आली. बाहेरून गोणपाट शिवलेलं, त्यावर कागद चिकटवलेले, इंग्रजीत, अरबीत. पेटी गाडीत सरकेना म्हणून ड्रायव्हरनं ते गोणपाट फाडून काढलं आणि बाजूला टाकलं. आतून साधी फळ्यांची पेटी निघाली. लांब, सरळ, दोन्ही टोकं सारखी. झाकणाला स्क्रू. तिथला एक पिकल्या दाढीचा माणूस माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मुँह देख लेते क्या, भाई? खोल देतूँ."

मी म्हटलं, "नको."

एवढंच. आणि सही केली.

घाबरलो होतो का? होतो. पण मेलेली माणसं मी बघितलीत की. वडिलांना तर मीच विभूती लावली होती. मग दमलो होतो? की असं वाटलं, बघितलं नाही तोवर अण्णा अजून मस्कतलाच आहे, टँकर चालवतोय, संध्याकाळी 'काय साहेब' म्हणून फोन करेल? हे आत्ता लिहिताना सुचलेलं कारण असेल. तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं. तेव्हा नुसतं 'नको' होतं.

इथवर काही बिघडलं नव्हतं, हे लक्षात घ्या. भावाचं तोंड बघायचा धीर झाला नाही — होतं असं. कुणीही समजून घेतलं असतं.

सकाळीच झहीराबाद मागं पडलं आणि अव्वाचा फोन आला. "बघितलास का रे त्याला?"

आता इथं 'नाही' म्हणायला काय धाड भरली होती? अव्वा, मला झालं नाही — म्हटलं असतं, तर रडली असती, चार शब्द बोलली असती, संपलं असतं. मी म्हटलं, "बघितलो की अव्वा. झोपल्यासारखा दिसतोय."

झोपल्यासारखा! कुठून आला हा शब्द? कुणाच्याही मयताला लोक हेच बोलतात, तोंडात तयार होता, बाहेर पडला. पलीकडून अव्वा म्हणाली, "मग बसवता येतंय त्याला." आणि तिचा आवाज — काय सांगू — इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जरा जीव आला होता. माझ्यामुळं आला होता. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

हुमनाबादला ड्रायव्हर चहाला थांबला. त्याच्याकडं पाना, स्क्रूड्रायव्हर असणारच. किती वेळ लागला असता? मी मागचं दार उघडलं, पेटीवर हात ठेवला, तसाच उभा राहिलो. फळी गाडीतल्या उन्हानं तापली होती. ड्रायव्हरनं हाक मारली, "साहेब, चहा!" — आणि त्या 'साहेब'नं मला असं काही झालं की दार लावून टाकलं.

आम्ही थेट रानातच गेलो. दुधनीच्या बाहेर आमची थोडी जमीन आहे, वडिलांची समाधी तिथंच. गाडीतून उतरलो आणि बघतो तर काय — खुर्ची सजवून तयार. केळीचे खुंट बांधलेले, झेंडूच्या माळा सोडलेल्या. चुलीवर आंघोळीचं पाणी तापलेलं. नवं धोतर, पंचा. भजनाची मंडळी झांजा घेऊन बसलेली. आणि वडिलांच्या शेजारी खड्डा, चौकोनी. बसत्या माणसाचा. मुरूम फोडून फोडून सकाळपासून खणलेला. माझ्या त्या एका वाक्यावर भावकीनं सगळी तयारी केली होती.

चुलता स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढं झाला. आणि मी — मी पेटीपुढं आडवा उभा राहिलो. म्हटलं, "उघडायचं न्हाय. सील हाय. परवानगी न्हाय, केस होतीया."

कसलं सील? चार स्क्रू होते! मुद्दा असा होता की इतके दिवस गेलेत, आतलं तोंड कसं असेल कुणास ठाऊक, आणि मी तर सांगून बसलो होतो — झोपल्यासारखा. झाकण उघडलं की सगळ्यांना कळलं असतं, यानं बघितलेलंच नाही. एवढ्यासाठी. भाऊ मेलेला, रानात दोनशे माणूस उभं, आणि मला काळजी कसली, तर माझं बोलणं खोटं पडेल याची. चुलता मागं सरला. साहेबानं सांगितल्यावर नियम असणारच, नाही का?

वैनी मात्र पुढं आली. अव्वा गुडघ्यांमुळं घरीच होती, पण वैनी आली होती. म्हणाली, "भाऊजी, एकदाच. तोंड तेवढं बघू द्या. मी हात बी लावत न्हाय." मी म्हटलं, "वैनी, नियम हाय." तिनं मान डोलावली. भांडली असती, माझी कॉलर धरली असती, तर कदाचित मी मोडलो असतो. पण ती मला मान देते. ती बाजूला जाऊन बसली.

मग खड्ड्याची पंचाईत सुरू झाली. पेटी लांब, खड्डा चौकोनी. मावेचना. दोघं आत उतरून लांबी वाढवायला लागले, तर मुरमाच्या खाली पाषाण लागला, पहार नुसती खणखण वाजायला लागली. कुणी म्हणालं, जेसीबी बोलवा. जेसीबी लांब कुठं कामावर गेलेला. ऊन उतरायला लागलं. त्या भरलेल्या रानात सजवलेली खुर्ची रिकामीच होती, आणि कुणी तिच्याकडं बघत नव्हतं.

शेवटी विधीला बसलेले आमचे स्वामी उठले. म्हातारे, शांत माणूस, रागावणं त्यांना माहीत नाही. म्हणाले, "पेटी तिरकी सोडा. पायाचं टोक कोनाड्यात घाला, डोक्याचं टोक वर ठेवा. टेकून बसल्यावानी व्हतंय. शिवाला कळतंय सगळं." सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. आडवा राहणार नव्हता अण्णा, बसल्यासारखा का होईना, पण राहणार होता. दोर आणले, पेटीखालून घेतले. चौघांनी धरले. आणि स्वामींनी माझ्याकडं वळून कन्नडात विचारलं, "तली याव कडी?"

डोकं कुठल्या बाजूला?

कळतंय ना तुम्हाला? दोन्ही टोकं सारखी. काही लिहिलं असलंच तर ते हैदराबादला फाडून टाकलेल्या गोणपाटावर — आणि इंग्रजी येत असूनही मी ते वाचलं नव्हतं. आत बघितलेला माणूस साऱ्या रानात एकच. सगळे माझ्याकडं बघत होते. दोर धरलेल्यांच्या दंडांवर शिरा फुगल्या होत्या.

मी बोट दाखवलं. "इकडं," म्हटलं. आवाजही चांगला ठणठणीत निघाला.

तेच टोक का? माझ्या जवळचं होतं. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

ते टोक वर ठेवून पेटी सोडली. तिरकी होताना आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. खाली सरकलं ते काय होतं — पाय की डोकं? स्वामींनी झाकणावर लिंग ठेवलं, बेलाची पानं टाकली, मीठ, विभूती टाकली. पहिली मूठ मातीची मला दिली. मी टाकली. घरी जाऊन अव्वाच्या पायाशी बसलो, तिनं विचारलं, नीट बसवलात ना रे? मी म्हटलं, टेकवून बसवला अव्वा, आरामात बसलाय. तिनं दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. माझी दृष्ट काढली तिनं. माझी!

हेच ते. आता कारणं सांगणार नाही, सांगून झालीत आणि त्यातलं एकही मला धड पटत नाही. पण त्यानंतर माझं जे झालंय ते सांगतो, कारण ते मला समजत नाही.

कधी हिशेब करतो — नाणं उडवल्यासारखंच की, बरोबर असायची शक्यताही तेवढीच. अण्णा व्यवस्थित टेकून बसलेला असेल, आणि मी उगाच जीव जाळत असेन. मग वाटतं, आणि नसेल तर? खाली डोकं, वर पाय, कोनाड्यात तोंड — असा माझा भाऊ राहिलाय का? मेलेल्याला कळतं का काही? स्वामी म्हणाले शिवाला कळतं. मग शिवाला कळलं असेल ते काय? मी काही फार देवधर्मातला नाही, सोमवारी सिद्धेश्वराला जातो ते सवयीनं. पण हे मनातून जात नाही. कारखान्यात पेटी पॅक करताना पोरांनी 'ही बाजू वर'चा बाण खाली केला तर मी असा ओरडतो की सगळे चपापतात. त्यांना वाटतं, साहेब मालाला जपतो.

याहून चमत्कारिक गोष्ट सांगू? मला आता अण्णाचं तोंड आठवतं. पेटीतलं! वैनी वर्षभर मला विचारत राहिली — कसे दिसत होते, दाढी केलेली होती का, डोळे नीट मिटलेले होते का — आणि मी सांगत गेलो. दाढी केलेली होती. ओठ जरासे उघडे, घोरताना असायचे तसे. कपाळावर विभूतीची पुसट रेघ. ती ऐकायची, रडायची, आणि मग शांत होऊन भाकरी थापायला लागायची. म्हणायची, "तुमी बघितलाव म्हणून माझा इस्वास बसला, न्हायतर मला वाटलं असतं दुसऱ्याच कुणाला आणलंय." मी सांगून सांगून ते तोंड आता मलाच दिसतं, लख्ख दिसतं. मस्कतमध्ये त्याला विभूती कोण लावणार होतं? पण दिसते. मग कधी कधी मनात येतं, मी बघितलंच असेल तर? त्या माणसानं झाकण उघडलं असेल, आणि मीच विसरलो असेन? — नाही. नाही बघितलं. हे लिहून ठेवतोय ते यासाठीही, की उद्या माझंच मला खरं वाटायला लागेल.

आणि दुसऱ्याच कुणाला आणलं असेल तर, हे वैनीचं वाक्य. ते मी पुढं नेतच नाही. पुढं नेलं तर वेड लागेल.

अव्वा नंतर गेली. तिला मात्र नीट बसवली, मांडी घालून, हातात लिंग देऊन, अण्णाच्याच शेजारी. माती लोटताना भावकीतली एक बाई म्हणाली, मायलेक शेजारी शेजारी बसले बघा. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा सांगता आलं असतं. अव्वाला आता काही लागणार नव्हतं. पण वैनी समोर होती.

यंदा वैनीनं अण्णाच्या समाधीवर दगडी कट्टा बांधायचं काढलं. ती दुधनीतच असते, शिवणकाम करते. मला बोलावलं. गवंड्यानं कट्टा चांगला केला, काळ्या दगडाचा, आणि मग वर महादेवाची पिंड बसवायची वेळ आली. पिंड डोक्यावर यायला पाहिजे, वैनीचा हट्ट. गवंडी म्हणाला, कुठल्या टोकाला? आणि वैनी म्हणाली, "भाऊजींना इचारा की, त्यांनी बघितलाय."

दुपार होती. माणसंही फार नव्हती. मी म्हणू शकलो असतो की वैनी, जरा इकडं या, एक सांगायचंय. तिच्याकडं बघितलं. तिनं नवी साडी नेसली होती, केसांत एक फूल माळलं होतं — गेल्या कित्येक वर्षांत तिनं फूल माळलं नव्हतं. तिच्या हातात विभूतीची वाटी होती. मी जिथं बोट दाखवीन तिथं तिचा नवरा असणार होता.

मी बोट दाखवलं. पूर्वी दाखवलं होतं त्याच टोकाकडं. दुसरीकडं दाखवायला तरी काय आधार होता?

पूजा झाली, बाकीचे लिंबाखाली जेवायला गेले. वैनी पिंडीपाशीच बसून राहिली. दगड अभिषेकानं ओला होता. तिनं तीन बोटांनी त्याला विभूती ओढली, कपाळाला ओढतात तशी, मग पदरानं कडेचं पाणी टिपलं, सावकाश. आणि वर न बघता म्हणाली, "हितंच तोंड हाय न्हवं, भाऊजी, त्यांचं?"

"व्हय, वैनी," मी म्हटलं. "हितंच."